फवारणी झाली, डासांचे काय?

पावसाळा मध्यावर आला की शहरांच्या गल्ल्यांमधून संध्याकाळी एक ओळखीचा घरघराट ऐकू येतो. खांद्याला यंत्र लटकवलेला पालिकेचा कामगार पुढे, पांढऱ्या धुराचा लोट मागे आणि त्या धुरात शिरून आरडाओरडा करणारी पोरे. बायाबापड्या धडाधड खिडक्या लावून घेतात, स्वयंपाकघरातली भांडी झाकतात. दुसऱ्या दिवशी प्रभागात धूरफवारणी झाल्याचे छायाचित्र सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते. तक्रार करणाऱ्यांचे समाधान होते, नगरसेवकाचे काम होते. डेंग्यूचे रुग्ण मात्र पुढच्या आठवड्यातही येतच राहतात.

असे का होते, हे समजायला फार मोठे शास्त्र लागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि माणसाच्या घरातच मुक्काम करतो. खुंटीवरचे कपडे, पलंगाखालचा अंधार, पडद्यांच्या चुण्या या त्याच्या विश्रांतीच्या जागा. रस्त्यावरून जाणाऱ्या धुरातले औषधाचे सूक्ष्म थेंब काही मिनिटेच हवेत तरंगतात आणि उडत्या डासाला प्रत्यक्ष लागले तरच त्याला मारतात. खिडक्या बंद असतील तर हे थेंब पलंगाखाली पोहोचणार कसे? शिवाय गच्चीवरच्या उघड्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये ज्या अळ्या वळवळत असतात, त्यांना या धुराचा पत्ताही नसतो. आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात आणि गल्लीत पुन्हा यंत्र मागवण्याची वेळ येते. साथ भडकली असताना, रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत शिरून केलेल्या फवारणीला काही अर्थ आहे. मुख्य रस्त्यावरून गाडी फिरवण्याला तो नाही.

तरीही दर वर्षी हेच होते, कारण धूर दिसतो. झाकलेली टाकी कुणाला दिसत नाही. दिसणारे उपाय आणि उपयोगी उपाय यांतला हा फरक ज्या भारतीय शास्त्रज्ञाने सर्वाधिक चिकाटीने सरकारच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला, त्यांचे नाव डॉ. विनोद प्रकाश शर्मा. महाराष्ट्रातल्या सामान्य वाचकाला हे नाव फारसे परिचयाचे नाही. १९९२ मध्ये पद्मश्री आणि २०१४ मध्ये पद्मभूषण मिळूनही नाही. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्याची फार मोठी बातमी झाली नाही. डासांवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला प्रसिद्धी तशी कमीच येते.

शर्मा हे कीटकशास्त्रज्ञ. अलाहाबाद विद्यापीठातून डॉक्टरेट, मग अमेरिकेत डासांच्या आनुवंशिकतेवर संशोधन आणि १९७० च्या सुमारास मायदेशी परत. दिल्लीत तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा एक संयुक्त प्रकल्प सुरू होत होता. प्रयोगशाळेत वंध्य केलेले नर डास मोकळे सोडायचे आणि डासांची पैदास रोखायची, अशी त्यामागची कल्पना. शर्मा त्यात दाखल झाले. पुढे या प्रकल्पात परदेशी पैसा आहे, त्यामागे जैविक युद्धाचा हेतू आहे, असे आरोप वृत्तपत्रांत आणि संसदेत झाले आणि १९७५ मध्ये तो गुंडाळावा लागला. आरोपांत तथ्य किती हा वेगळा विषय. पण लोकांना विश्वासात न घेता डासांवर प्रयोग केले तर काय होते, याचा धडा तरुण शास्त्रज्ञांना तिथे मिळाला असणार. शर्मांच्या पुढच्या कामात गावकरी प्रयोगाच्या केंद्रस्थानी आले, त्याचे मूळ इथे शोधता येईल.

त्यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी आधी डीडीटीची कथा थोडक्यात पाहायला हवी. हे रसायन प्रयोगशाळेत बनले १८७४ मध्ये, पण ते कीटक मारते हे कुणाला ठाऊक नव्हते. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे गायगी कंपनीत काम करणाऱ्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ते ओळखले. भिंतीवर एकदा फवारले की महिनोन्‌महिने त्याचा परिणाम टिकतो, हे त्याचे वैशिष्ट्य. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी भिंतीवर टेकते आणि तिथेच मरते. म्युलर डॉक्टर नव्हते, तरी १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आपल्याकडे त्याआधीच, १९४६ मध्ये, तेव्हाच्या मुंबई प्रांतातील धारवाड आणि कारवार भागात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरोघर डीडीटी फवारण्याचे मोठे प्रयोग सुरू झाले होते. पुढच्या राष्ट्रीय मोहिमेची पायाभरणी अशी मुंबई प्रांतात झाली.

आकडे विलक्षण आहेत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. यश इतके झटपट आले की १९५८ मध्ये त्यातला 'नियंत्रण' हा शब्द काढून 'निर्मूलन' हा शब्द घालण्यात आला. १९६५ मध्ये रुग्णसंख्या लाखभरावर आली. आता फक्त शेवटचा हात फिरवायचा, असे दिल्लीत वाटत होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७६ मध्ये, देशात हिवतापाच्या सुमारे ६४ लाख रुग्णांची नोंद झाली.

या घसरगुंडीची कारणे अनेक. औषधाचा पुरवठा वेळेवर होईना, निर्मूलन झालेच आहे असे समजून लक्ष उडाले, शहरांकडे दुर्लक्ष झाले. पण एक कारण डासांच्या शरीरात घडत होते. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस. त्याच्यात डीडीटीला दाद न देण्याची क्षमता आल्याचे १९५० च्या दशकाच्या अखेरीसच, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात आढळले होते. म्हणजे निर्मूलनाची घोषणा आणि तिच्या अपयशाची पहिली खूण जवळजवळ एकाच वेळची.

कीटकनाशकाची 'सवय' डासाला होते, असे आपण सहज म्हणतो. ते तितकेसे बरोबर नाही. एखादा डास औषध पचवायला शिकत नाही. लाखो डासांत मोजके असे असतात, ज्यांच्या मज्जातंतूतील औषध चिकटण्याची जागा जन्मतःच थोडी वेगळी असते किंवा ज्यांच्या शरीरातील विकरे औषधाचे तुकडे अधिक वेगाने करतात. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात. डासाची मादी एका वेळी शंभरावर अंडी घालते आणि आयुष्य काही आठवड्यांचे, त्यामुळे पिढ्या भराभर बदलतात. काही वर्षांत गावात उरतात ते बहुतांशी अशाच डासांचे वंशज. शेतात कापसावर आणि भातावर तीच किंवा त्यांच्या जातीची औषधे मारली जात असतील तर ही निवड आणखी वेगाने होते. डीडीटीचा शेतीतील वापर आपल्याकडे १९८९ मध्ये बंद झाला, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. डीडीटी चालेनासे झाल्यावर मॅलेथिऑन आले, तर गुजरातेत १९७० च्या दशकातच त्यालाही डास दाद देईनासे झाले. मग सिंथेटिक पायरेथ्रॉइड आले. पुढची कथा तीच.

यातली एक गोष्ट सामान्य ग्राहकाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही रसायने वेगळी असली तरी डासाच्या मज्जातंतूत दोन्ही एकाच ठिकाणी घाव घालतात. त्यामुळे एकाला पुरून उरलेला डास दुसऱ्यालाही पुरून उरण्याची शक्यता मोठी. आता घरातली कॉइल पाहा, भिंतीत खोचलेल्या यंत्रातले लिक्विड पाहा, झुरळांचा स्प्रे पाहा, सरकारने वाटलेली औषधयुक्त मच्छरदाणी पाहा. बहुतेक सगळे पायरेथ्रॉइडच. रात्रंदिवस, बारा महिने, घरोघर एकाच वर्गातले औषध डासांवर सोडले जात आहे आणि वर पुन्हा 'नवे, अधिक शक्तिशाली' अशी जाहिरात आहेच.

हिवताप संशोधन केंद्राची स्थापना १९७७ मध्ये झाली. तेच आजचे राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थान. शर्मांनी १९८२ ते १९९८ या काळात केंद्राची धुरा सांभाळली. या काळात केंद्राने जे काम केले, त्यातला एक भाग डासांची खरी ओळख पटवण्याचा होता. शर्मांच्या सहकारी डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या गटाने दाखवून दिले की ज्याला आपण क्युलिसिफेसिस हा एकच डास समजतो, तो प्रत्यक्षात दिसायला हुबेहूब सारख्या पाच भावंड-जातींचा समूह आहे. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. फरक फक्त गुणसूत्रांच्या पट्ट्यांत दिसतो. हा काही शास्त्रज्ञांचा निव्वळ छंद नव्हे. यातली बी ही जात बहुतेक भागांत हिवताप जवळजवळ पसरवतच नाही. ए जात पसरवते, पण ती डीडीटीला बी जातीपेक्षा अधिक सहज बळी पडते. आता दोन्ही जाती एकत्र राहतात अशा गावात डास पकडून चाचणी केली, तर बी जातीच्या गर्दीमुळे 'डीडीटी निरुपयोगी' असा निकाल येऊ शकतो. प्रत्यक्षात मात्र रोग पसरवणारे डास त्याच डीडीटीने मरत असतात. उलटही घडू शकते. म्हणजे नुसते किती डास मेले एवढे मोजून भागत नाही, कोणते मेले हे कळायला हवे. सूक्ष्मदर्शकाखाली डास ओळखणारा माणूस या कार्यक्रमात किती मोलाचा आहे, हे इथे कळते.

शर्मांचे नाव सर्वाधिक जोडले गेले ते गुजरातेतील खेडा जिल्ह्यातल्या नडियादच्या प्रयोगाशी. खेडा म्हणजे दुधाचा, तंबाखूचा, कालव्यांच्या पाण्याचा सधन प्रदेश. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हिवतापाची मोठी साथ आली. फवारणी होत होती आणि डास मरत नव्हते. तेव्हा १९८३ मध्ये शर्मांच्या चमूने तिथल्या सात गावांत एक प्रश्न घेऊन काम सुरू केले: भिंतींवर औषध अजिबात न फवारता हिवताप आटोक्यात आणता येतो का?

पद्धत ऐकायला अगदी साधी होती. गावातील पाणी साचणारा प्रत्येक खड्डा, डबके, गुरांचा हौद, वापरात नसलेली विहीर, घरातला रांजण यांची नोंद करायची. भरता येतील ते खड्डे मातीने भरायचे. सांडपाण्याला वाट करून द्यायची किंवा शोषखड्डे काढायचे. तळ्यांत आणि हौदांत गप्पी मासे सोडायचे. पडक्या विहिरींत थर्माकोलच्या बारीक मण्यांचा थर पसरायचा. तो पाण्यावर तरंगतो, अळ्यांना श्वास घेता येत नाही आणि मादीला अंडी घालायला पाणीच सापडत नाही. दर आठवड्याला घरोघर जाऊन ताप आलेल्यांचे रक्तनमुने घ्यायचे आणि लगेच उपचार द्यायचे. यात खरी मेख 'दर आठवड्याला' या शब्दांत आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. एक आठवडा चुकला की एक पिढी हवेत जाते.

लोकांनी हे का करावे, हाही विचार शर्मांनी केला होता. ज्या तळ्यांत गप्पी सोडायचे, तिथे खाण्याचे मासेही वाढवून ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळवून द्यायचे. दलदलीच्या जागी झाडे लावायची, त्यांचे लाकूड गावाला मिळेल. आरोग्याच्या कामाला चार पैशांची जोड दिली की ते टिकते, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. सात गावांतून एकवीस आणि पुढे नडियाद तालुक्यातील शंभर गावांपर्यंत हा प्रयोग वाढला. फवारणीविना हिवताप खाली आला. पुढे हरिद्वारच्या भेल कारखान्याच्या वसाहतीत आणि देशाच्या इतर भागांतही याच धर्तीवर काम झाले.

गोव्याचे उदाहरण तर आपल्या शेजारचे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत बांधकामांची धूम सुरू झाली आणि तोवर गोव्यात नगण्य असलेला हिवताप अचानक डोके वर काढू लागला. स्लॅबवर साठवलेले पाणी, उघड्या टाक्या, लिफ्टचे खड्डे आणि बाहेरून आलेले मजूर. हिवताप संशोधन केंद्राने तिथे केंद्र उघडले. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अळ्यांना मारणारा एक जिवाणू, बीटीआय, आणि ॲप्लोकायलस ब्लॉकी हा छोटा स्थानिक मासा यांच्या साहाय्याने शहरी डास आटोक्यात आणण्याचे प्रयोग केले. गप्पी मूळचा परदेशी, दक्षिण अमेरिकेकडचा. हा मासा तिथलाच, हे विशेष. गोवा सरकारने बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचे केले. मजुराच्या रक्ताची तपासणी करण्याची जबाबदारी ठेकेदारावर आली. हिवतापाचे मूळ ज्या बांधकामात, त्याच्या खर्चातच त्याचा बंदोबस्त, असे हे सरळ गणित होते.

मग नडियादचा प्रयोग देशभर का गेला नाही? शर्मांचे चाहते या प्रश्नाला सरकारी उदासीनता एवढेच उत्तर देतात. ते पुरेसे नाही. नडियादमध्ये शास्त्रज्ञ गावात राहत होते, कामगार प्रकल्पाचे होते, पर्यवेक्षण कडक होते. शास्त्रज्ञ गेल्यावर आठवड्याची फेरी पंधरवड्याची होते, मग महिन्याची, मग ती फक्त रजिस्टरमध्ये होते. फवारणीचे तसे नसते. वर्षातून दोन-तीन फेऱ्या मारल्या की काम झाले. शिवाय प्रत्येक भूगोल नडियादसारखा नसतो. गडचिरोलीच्या जंगलात डास झऱ्यांच्या काठाला, भातखाचरांत, गुरांच्या खुरांच्या ठशांत साचलेल्या पाण्यात होतात. तिथे खड्डे बुजवणार किती आणि कोण? राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत वर्षानुवर्षे सर्वात मोठा वाटा या एका जिल्ह्याचा होता. अशा ठिकाणी औषधयुक्त मच्छरदाणी आणि भिंतींवरची फवारणी यांना आजही पर्याय नाही. ओडिशाने ते दाखवून दिले आहे. तिथे १ कोटीहून अधिक औषधयुक्त मच्छरदाण्या वाटल्या गेल्या, दुर्गम पाड्यांवर शिबिरे घेऊन ताप नसलेल्यांचेही रक्त तपासले गेले आणि काही वर्षांतच हिवताप झपाट्याने उतरला.

स्वतः शर्मा कीटकनाशकांचे कडवे विरोधक नव्हते. त्यांच्या काळात केंद्राने मच्छरदाण्यांवरही मोलाचे काम केले. त्यांचा आक्षेप होता तो सवयीने, न तपासता, वर्षानुवर्षे तेच औषध मारत राहण्याला. २००३ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी डीडीटीवर लेख लिहिला, त्याचे शीर्षकच 'पतित देवदूत' अशा अर्थाचे होते. ज्या औषधाने कोट्यवधी जीव वाचवले, त्याला ते राक्षस ठरवत नव्हते. कोणे एके काळी ते देवदूत होते म्हणून आजही त्याच्याच नावाने फवारणीची बिले निघत राहावीत, हे त्यांना मान्य नव्हते. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे सरकारी कारखान्यात डीडीटी बनत असे. साऱ्या जगाने हात आखडता घेतल्यावरही भारत ते बनवत राहिला, हे इथे नमूद करायला हवे.

फवारणी औषधामुळेच फसते असेही नाही. भिंतीवर औषध मारून पथक गेले की आठ दिवसांत दिवाळी येते आणि घर शेणाने सारवले जाते, औषध सारवणाखाली. देवघरात आणि स्वयंपाकघरात पथकाला कुणी शिरू देत नाही. मॅलेथिऑनच्या वासाने माणसे दारच उघडत नाहीत. कागदावर शंभर टक्के घरे, प्रत्यक्षात किती भिंती? त्यात ज्या भिंतींवर औषध पडले, तिथला डास त्याने मरतो की नाही हे तपासलेलेच नसेल, तर सारा खर्च कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

ही तपासणी अवघड नाही, हे मात्र ठासून सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी ठरवून दिलेली चाचणी जगभर दशकानुदशके वापरात आहे. प्लास्टिकच्या नळीत औषध लावलेला कागद ठेवायचा, त्यात वीस-पंचवीस मादी डास तासभर ठेवायचे, मग स्वच्छ नळीत हलवून चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. शंभरातले ९८ किंवा अधिक मेले तर औषध चालते. नव्वदच्या खाली आले तर डास प्रतिकारक्षम झाले. मधले असेल तर पुन्हा तपासायचे. एवढ्यासाठी लागते ती छोटी प्रयोगशाळा, डास पकडून आणणारा कीटक समाहारक आणि डास ओळखणारा कीटकशास्त्रज्ञ. नेमकी हीच पदे रिकामी ठेवण्याची आपली परंपरा आहे. पद निवृत्तीने रिकामे होते आणि मग त्याची आठवण साथ आल्यावरच होते. फवारणी यंत्रांच्या खरेदीला मात्र कधी खीळ बसलेली दिसत नाही. यंत्राचे उद्‌घाटन करता येते, कीटक समाहारकाचे काय करणार?

जगात या क्षेत्रात पुष्कळ घडते आहे. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेच्या प्रा. जॅनेट हेमिंग्वे यांनी डासांची विकरे औषध कसे निकामी करतात याचा जनुकांपर्यंत माग काढला आणि २००५ मध्ये नवी कीटकनाशके शोधण्यासाठी खास संस्था उभी केली. कंपन्यांना शेतीच्या औषधांत पैसा दिसतो, गरिबांच्या डासांवरच्या औषधात दिसत नाही. म्हणून हा खटाटोप. त्यातून दोन औषधांच्या मच्छरदाण्या आल्या. पायरेथ्रॉइडच्या जोडीला क्लोरफेनापीर हे वेगळ्या तऱ्हेने मारणारे औषध असलेल्या मच्छरदाणीने टांझानियातील मुलांमधला हिवताप, फक्त पायरेथ्रॉइड असलेल्या मच्छरदाणीच्या तुलनेत, दोन वर्षांत ४४ टक्क्यांनी कमी केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. डेंग्यूसाठी वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास सोडण्याचा प्रयोग इंडोनेशियातील योग्यकर्तामध्ये झाला आणि डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. आपल्या पुदुच्चेरीच्या संस्थेनेही असे डास तयार केले आहेत. ही साधने यायला हवीत. पण दोन औषधांची मच्छरदाणी कुठे वाटायची, हे तिथल्या डासांची चाचणी केल्याशिवाय कसे ठरवणार? नवे साधनही जुन्याच प्रश्नापाशी येऊन थांबते.

शहरांपुढचा धोका दुहेरी आहे. विटा-सिमेंटच्या जंगलात हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्साय हा डास विहिरी आणि टाक्यांत वाढतो. त्याचे शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये केले ते ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने, तेव्हा वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, डासांचा अभ्यास करताना. आपल्या मातीतला हा डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या टोकाला जिबूतीत आढळला आणि तिथून इथिओपियापर्यंत पसरला. अनेक कीटकनाशकांना न जुमानणारा हा डास आफ्रिकेतील शहरांत शिरल्याने तिथले शास्त्रज्ञ धास्तावले आहेत आणि टाक्या झाकण्याचे, अळ्या शोधण्याचे धडे गिरवत आहेत. मुंबईने हे धडे शतकापूर्वी गिरवले होते. १९११ मध्ये बेंटले यांनी शहरातील हिवतापाचा अहवाल दिला, त्यानंतर विहिरी बुजवण्याची आणि झाकण्याची मोहीम निघाली. धार्मिक कारणांनी विरोधही झाला. टाकी डासरोधक नसेल तर मालकाला दंड करण्याची तरतूद मुंबई महापालिकेच्या कायद्यात आजही आहे आणि गच्च्यांवर शिडी लावून टाकीचे झाकण तपासणारे कामगारही आहेत. त्या कामगारांची छायाचित्रे कुणी काढत नाही.

नडियादचा वारसा महाराष्ट्रात अगदीच नाही असे नव्हे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन गटारेच नाहीशी केली आणि गाव डासमुक्त झाले. पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून रोजगार हमीतून ते इतर गावांत गेले. घराघरांत 'कोरडा दिवस' पाळण्याचे आवाहन आरोग्य विभाग दर पावसाळ्यात करतो, तेही त्याच आठवड्याच्या गणितावर आधारलेले आहे. आशा सेविका कंटेनर तपासत फिरतात. या कामाला निधी तुटपुंजा आणि मान त्याहून कमी.

देशाने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे. 'निर्मूलन' हा शब्द १९५८ मध्येही वापरला गेला होता, तेव्हा पंचमहालच्या डासांनी दिलेला इशारा कार्यक्रमाने वेळेवर ऐकला नाही. या वेळी प्रत्येक जिल्हा हिवताप अधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातील डासांच्या चाचणीचे निकाल दर वर्षी जाहीर करावेत आणि महापालिकांनी त्या निकालाशिवाय औषधखरेदीची निविदा काढू नये, एवढी मागणी तरी करता येईल. आपल्या प्रभागात फवारलेल्या औषधाने नळीतल्या शंभर डासांपैकी किती मेले आणि ही चाचणी शेवटची कधी झाली, हे पुढच्या वेळी गल्लीत यंत्र आले की नागरिकांनी विचारायला हरकत नाही. कामगाराला ते ठाऊक नसेल. तो बिचारा तोंडाला रुमाल बांधून तोच धूर रोज छातीत भरून घेत असतो. प्रश्न त्याच्या वरिष्ठांना विचारायचा आहे, लेखी.